पुढचे पुस्तक कोणते?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या माणसाला शिवाजी पार्कवरचे पुस्तकांचे स्टॉल वेगळे दाखवावे लागत नाहीत. दोन-दोन दिवस रेल्वेच्या जनरल डब्यात उभ्याने प्रवास करून आलेली माणसे वडापाव खाऊन दिवस काढतात, पण परतताना पिशवीत एकतरी पुस्तक घेऊन जातात. नागपूरला दीक्षाभूमीवर तेच दृश्य. हा आपल्या समाजाचा मोठेपणा आहे आणि तो कोणी नाकारू शकत नाही.

अशाच एका ६ डिसेंबरला आम्ही एका स्टॉलपाशी उभे होतो. मराठवाड्यातून आलेला विशी-बाविशीचा एक तरुण विक्रेत्याला विचारत होता, की बाबासाहेबांची चार-पाच चरित्रे वाचून झाली, भाषणांचे संग्रह वाचून झाले, आता पुढे काय वाचू? विक्रेत्याने त्याच्या हातात आणखी एक चरित्र ठेवले. मुखपृष्ठ नवे, आतला मजकूर तोच. तरुणाने ते उलटून पाहिले आणि परत ठेवले. आम्हाला त्याच वेळी काही सुचले नाही. त्याचा मोबाईल नंबर मात्र घेतला.

घरी आल्यावर धनंजय कीर आणि चां. भ. खैरमोडे पुन्हा काढले. या वेळी आम्ही सत्याग्रह, परिषदा, करार शोधत नव्हतो. एकच गोष्ट शोधत होतो. बाबासाहेबांच्या हाती एकानंतर दुसरे पुस्तक आले कसे? जगातले एवढे ग्रंथ या माणसाने पाहिले, पण त्यांना पुढचे पुस्तक कोणी सांगितले?

पहिले नाव अर्थातच सुभेदार रामजींचे. लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केलेला हा कबीरपंथी बाप. संतांचे अभंग आणि कबीराची पदे घरात रोज होत. रामायण-महाभारतही मुलांकडून वाचून घेतले जाई. परळच्या चाळीतल्या एका खोलीत जाते, सरपण आणि माणसे एकत्र; तिथे रामजी मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवत. भीमाला अभ्यासाबाहेरच्या पुस्तकांचे वेड होते. पैसे नसले की रामजी लेकींच्या घरी जात. एकीकडे उसने मिळाले तर ठीक, नाही तर दुसरीचा दागिना मागून आणीत आणि गहाण टाकून पुस्तक घेत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत. लग्न झालेल्या लेकीचा दागिना सासरच्या घरातून मागून आणायचा म्हणजे काय, हे आपल्या आयाबहिणींना विचारा. रामजींचे श्रेय सर्वजण सांगतात. त्या दोन बहिणींचे श्रेय आम्ही आमच्या भाषणांत कधी सांगत नाही.

दुसरे नाव कृष्णराव अर्जुन केळुसकरांचे. वेंगुर्ल्याजवळच्या केळुस गावचे, मुंबईच्या विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक. तुकारामाचे, शिवाजी महाराजांचे, गौतम बुद्धाचे चरित्र मराठीत लिहिणारा हा ब्राह्मणेतर लेखक. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत बसून वाचणारा एक मुलगा त्यांना रोज दिसू लागला. त्यांनी चौकशी केली, मुलगा महाराचा आहे हे कळले, आणि चौकशी तिथेच न थांबवता त्याला पुस्तके देऊ लागले. पुढे भीमरावांचा सत्कार झाला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. हा सत्कार १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली झाला असे चरित्रकार लिहितात. बाबासाहेबांनी स्वतः 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत, जी पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही, इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्याचे सांगितले आहे. सत्काराने पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजींनी आधी नकार दिला होता आणि केळुसकरांनी त्यांची समजूत घातली, असेही तिथे आहे. वर्ष कोणते यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते त्यानंतर घरात घडले. पुस्तक वाचून मुलाने बापाला जाब विचारला, की आम्हाला बौद्ध वाङ्मय का वाचायला दिले नाही, ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा गाणारी पुराणेच का वाचायला लावली? रामजींनी उत्तर दिले, की आपण अस्पृश्य, मनात न्यूनगंड येतो. द्रोण, कर्ण, वाल्मीकी लहान स्थितीतून वर आले हे मुलांनी पाहावे म्हणून ते वाचायला लावतो. मुलाचे समाधान झाले नाही. त्याला भीष्म-द्रोण पटले नाहीत, कृष्णाचे कपट पटले नाही, रामाने वालीशी आणि सीतेशी केलेली वागणूक पटली नाही. बाप गप्प राहिला. जन्म देणाऱ्या, जागवणाऱ्या, दागिने गहाण टाकून पुस्तके आणणाऱ्या बापाशी पुस्तकावरून वाद घालणारा हा मुलगा आणि तो वाद ऐकून घेणारा तो बाप. आज आपल्या किती घरांत हे चालते? आम्ही आमच्या घरापुरते बोलू: आमच्याकडे बाप बोलला की विषय संपतो.

शाळेत संस्कृत शिकायचे होते, ते अस्पृश्य म्हणून नाकारले गेले. फारसी घ्यावी लागली. फारसीत मार्क चांगले मिळाले, एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी.ए. इंग्रजी आणि फारसी घेऊनच झाले. पण नाकारलेले संस्कृत मनातून गेले नाही. ते आम्ही पुढे सांगूच.

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. गेले ते अर्थशास्त्रासाठी. पण तिथल्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद एलिनॉर झेलियट बाईंनी दिली आहे ती पाहा: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी १. परीक्षेला लागेल तेवढेच वाचणाऱ्याने असले वेड कशाला केले असते? सेलिग्मन अर्थशास्त्राचे, जॉन ड्युई तत्त्वज्ञानाचे, गोल्डनवायझर मानववंशशास्त्राचे. एका खोलीत ऐकलेली गोष्ट दुसऱ्या खोलीत तपासून पाहायची, हा त्यांचा क्रम.

त्याचा पुरावा म्हणजे ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचलेला 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध. वय २५. हा निबंध आपण पुष्कळ उद्धृत करतो, पण तो वाचकाचा निबंध म्हणून कधी पाहत नाही. त्यात त्यांनी जातीच्या चार व्याख्या समोर मांडल्या. सेनार्त हा फ्रेंच, नेसफील्ड आणि रिस्ले हे इंग्रज अधिकारी, आणि चौथे आपलेच डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्ध झालेले. केतकरांनी अमेरिकेतच कॉर्नेल विद्यापीठात बसून जातीच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ लिहिला होता, तो १९०९ साली निघाला. बाबासाहेबांनी तो नीट वाचला. केतकर ब्राह्मण म्हणून बाजूला टाकला नाही आणि केतकर विद्वान म्हणून मान डोलावली नाही. चौघांत केतकरांना अधिक मान दिला, आणि त्यांचीही चूक दाखवली. मग जात वरून खाली पसरली कशी हे सांगताना कोणाची मदत घेतली? गॅब्रिएल टार्ड या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाची आणि बॅजहॉट या इंग्रजाची. माणसे वरच्यांचे अनुकरण कसे करतात यावर त्यांनी लिहिले होते, ते युरोपातल्या समाजाबद्दल. महू-साताऱ्याकडच्या पोराने ते उचलून मनूच्या समाजाला लावले. हे टार्डचे पुस्तक त्यांना जातीच्या कपाटात सापडले नसते. ते दुसऱ्याच कपाटात होते.

न्यूयॉर्कमधले उरलेले पैसे आणि वेळ जुन्या पुस्तकांच्या दुकानांत गेले. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे, पोटाला चिमटा घ्यायचा आणि जुनी पुस्तके घ्यायची. अशी सुमारे २००० पुस्तके जमली. ती भारतात पाठवण्यासाठी एका स्नेह्याकडे सोपवली. पोचली त्यातली काहीच. पुढे १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपून लंडनहून परतावे लागले. ते स्वतः एका बोटीने आले, सामान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीने निघाली. महायुद्ध चालू होते. पुस्तकांची बोट पाणतीराने बुडवली. पुस्तकांसह ते सामान भूमध्य समुद्राच्या तळाशी गेले. नुकसानभरपाईचे ६०० रुपये मिळाले, आणि त्याच पैशाने बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याचा प्रवास झाला.

बडोद्याला काय घडले हे आपल्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पारशी नाव घेऊन पारशी सराईत राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली. त्या आधीचे दहा दिवस मात्र आम्ही पटकन ओलांडून जातो. सराईत दुसरे माणूस नाही. वरच्या मोठ्या दालनात अडगळ, वटवाघळांचा वावर, उजेडाला एक कंदील. बोलायला कोणी नाही. त्या कंदिलाशेजारी बसून हा कोलंबियाचा विद्वान वाचत राहिला, म्हणजे तेवढा वेळ तरी आपण कुठे आहोत याचा विसर पडे. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुस्तक माणसाला शहाणे करते हे सगळेच सांगतात. त्या दहा रात्री पुस्तकाने त्यांना नुसता आसरा दिला.

बडोदे सोडून मुंबईला आल्यावर हाताला काम नाही. अशा दिवसांत त्यांनी काय केले? बर्ट्रांड रसेलच्या समाजाच्या पुनर्रचनेवरच्या नव्या पुस्तकाचे सविस्तर परीक्षण लिहिले. ते १९१८ साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. रसेलशी त्यांचे काही पटले, काही पटले नाही, दोन्ही लिहिले. तेव्हा राहते घर होते परळच्या चाळीत.

त्या चाळीचे नाव निघाले की रमाईचे नाव काढलेच पाहिजे. १९२० साली सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी सोडून, साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेऊन बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. लंडनमध्ये सकाळी एक पाव आणि चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, तिथून इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, रात्री खोलीवर पुन्हा वाचन. खोलीतला सोबती झोपा म्हणायचा, हे झोपत नसत. आपण ही हकिकत डोळे पुसत ऐकतो. पण लंडनला पोटाला चिमटा घेणारा एकच जीव होता; परळला किती होते? त्या वर्षांत रमाईंनी संसार कसा ओढला, लेकरांची आजारपणे आणि मरणे कशी पाहिली, याची नोंद कुठल्याही ग्रंथालयात नाही. बाबासाहेबांच्या प्रत्येक पुस्तकाची अर्धी किंमत त्या माउलीने मोजली, असे आम्ही लिहिले तर ते काही अलंकारिक नाही.

लंडनच्या वाचनातून काय निघाले ते सर्वज्ञात आहे. १९२१ साली एम.एस्सी., पुढे डी.एस्सी., आणि 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ १९२३ साली. हे वाचन सरकारी अहवालांचे, हिशेबांच्या तक्त्यांचे. आमच्यातले कवी असल्या पुस्तकांना हात लावत नाहीत आणि आमच्यातले बँकवाले कवितेला. बाबासाहेबांचे तसे नव्हते. रुपयाच्या विनिमयदरावर लिहिणाऱ्या याच माणसाने लंडनला जाण्यापूर्वी काढलेल्या 'मूकनायक'वर तुकारामाचा अभंग छापला होता आणि १९२७ साली काढलेल्या 'बहिष्कृत भारत'वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. सुभेदारांच्या घरातला तो जुना अभ्यास त्यांनी कधी टाकून दिला नाही.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. पुस्तकांवर एवढा जीव असलेल्या माणसाने पुस्तक कसे जाळले, असा कुत्सित प्रश्न आजही विचारला जातो. याचे उत्तर फार सोपे आहे. मनुस्मृतीचा अभिमान बाळगणाऱ्यांपैकी किती जणांनी ती वाचली होती, आणि बाबासाहेबांनी किती वाचली होती? पुढच्या लिखाणात अध्याय आणि श्लोक देऊन ते मनूची साक्ष काढतात. कोणते पुस्तक कोणाच्या पाठीवर काठी होऊन बसले आहे हे ते वाचून ठरवीत होते. जाळण्यासाठीसुद्धा आधी वाचावे लागते, हे मात्र आपल्यातल्या उत्साही मंडळींनी लक्षात घ्यावे.

दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. माणसे खाली, पुस्तके वर. पुस्तके किती होती? कोणी ३५ हजार सांगतो, कोणी ५० हजार. आम्हाला या आकड्यांची चढाओढ आवडत नाही. कपाटात किती आहेत यापेक्षा कपाटातून काय बाहेर आले ते पाहावे. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये रोमचे प्लेबियन येतात, आयर्लंडचा रेडमंड येतो, जर्मनीचा लासाल येतो, लूथर येतो, शीख येतात. लाहोरच्या मंडळींनी ज्या भाषणाला घाबरून परिषद रद्द केली त्यात निम्मे जग बसले होते. ड्युईंच्या लिखाणाचा त्यातला वावर तर अलीकडे अमेरिकेतले अभ्यासक स्कॉट स्ट्राउड यांनी शोधून दाखवला आहे. बाबासाहेबांनी खुणा केलेल्या ड्युईंच्या प्रती मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत, त्या पाहायला हा माणूस अमेरिकेहून आला. दादर-ठाण्याहून आपल्यातले किती जण त्या ग्रंथालयात गेले आहेत?

आता नाकारलेल्या संस्कृताकडे येऊ. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ १९४६ साली निघाला, जोतीराव फुल्यांना अर्पण केलेला. ऋग्वेदापासून महाभारताच्या शांतिपर्वापर्यंत सगळे त्यात उकलले आहे. संस्कृताचा पंडित नसलेल्या माणसाने या विषयाला हात का घालावा, ही हरकत येणार हे ओळखून त्यांनी प्रस्तावनेतच तिला उत्तर दिले: संस्कृतावर प्रभुत्व असल्याचा दावा आपण करीत नाही, पण हे वाङ्मय इंग्रजी भाषांतरांतून उपलब्ध आहे आणि आपण ते पंधरा वर्षे अभ्यासले आहे. ज्या दाराला कुलूप लावले त्या दारापाशी रडत न बसता ते दुसऱ्या दाराने आत गेले. भाषांतराला कमी लेखणाऱ्यांनी हे आठवावे.

त्याच १९४६ साली त्यांनी अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र पाठवले. अमेरिकेतले निग्रो आपली दाद संयुक्त राष्ट्रांकडे मागत आहेत असे वाचनात आले, त्या अर्जाच्या प्रती मिळतील का, अशी मागणी. ड्यू बॉइस यांनी लगेच उत्तरही दिले. व्हाइसरॉयच्या मंडळातून नुकताच बाहेर पडलेला हा नेता, दिल्ली-मुंबईत राजकारण पेटलेले, आणि दूरच्या एका कागदाचा पत्ता लागल्याबरोबर तो मागवण्यासाठी पत्र लिहितो!

धम्माकडे वळतानाही हेच. लोक त्यांना बौद्ध धम्मावर एक चांगले पुस्तक सुचवा असे विचारीत. मद्रासचे विज्ञानाचे प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू यांचे 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' हे १९०७ सालचे पुस्तक त्यांना या कामाचे वाटले. ते बाजारात मिळत नव्हते. बाबासाहेबांनी १९४८ साली स्वतःची प्रस्तावना जोडून ते पुन्हा छापवून आणले. तेव्हा ते देशाचे कायदामंत्री होते, संविधानाचा मसुदा पुढ्यात होता. विसरलेल्या पुस्तकाला पुन्हा वाचकापर्यंत आणण्याचे काम त्यांना हलके वाटले नाही. पाली शिकले, पाली शब्दकोशाचे काम हाती घेतले. तो महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात आता छापील मिळतो. उतारवयात व्हायोलिन शिकायलाही घेतले.

५ डिसेंबर १९५६ ची रात्र. दिल्ली, २६ अलीपूर रोड. पाय साथ देत नव्हते, दृष्टी मंदावली होती. नानकचंद रत्तूंनी त्या रात्रीची हकिकत लिहून ठेवली आहे. बुद्धवंदना गुणगुणली, कबीराचे पद गुणगुणले. रत्तूंच्या खांद्यावर हात ठेवून जाताना कपाटांपाशी थांबले, काही पुस्तके काढली आणि बिछान्याजवळच्या टेबलावर ठेवायला सांगितली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची प्रस्तावना मागवून घेतली, रात्रीतून नजर घालायची होती. ज्या प्रस्तावनेत केळुसकरांनी दिलेल्या पुस्तकाची गोष्ट आहे, तीच ही.

मराठवाड्याच्या त्या तरुणाला आम्ही दोन पुस्तके पाठवली. एक केळुसकरांचे बुद्धचरित्र. दुसरे केतकरांचे, जातीच्या इतिहासाचे, इंग्रजीतले. महिन्याभराने त्याचा फोन आला. केतकर शब्दकोश घेऊन वाचतोय, चाळीस पाने झाली, आणि राग येतोय म्हणाला. आम्ही विचारले, कुठे राग आला? त्याने पान सांगितले. मग म्हणाला, याला बाबासाहेबांनी काय उत्तर दिले ते पाहायला 'कास्ट्स इन इंडिया' परत काढलंय, आणि त्यात तो टार्ड म्हणून कोणी आहे, त्याचे पुस्तक कुठे मिळेल?